गाऱ्हाण्यातला राग यंत्राने गाळू नये

वाडीचा व्हॉट्सॲप गट, गावचा गट, मुंबईतल्या चाकरमान्यांचा गट, मच्छीमार सोसायटीचा गट. आज कोकणातल्या चर्चा तिथेच होतात आणि भांडणंही तिथेच. रस्ता, पाणी, जेटी, गणपतीच्या गाड्या, येऊ घातलेला प्रकल्प, कशावरही दिवसाला शेकड्याने संदेश पडतात. अशा संदेशांमधला भाव ओळखणारं सॉफ्टवेअर आता सहज मिळतं. संदेश आत टाकला की तो रागाचा, दुःखाचा, आनंदाचा की तटस्थ, याचा आकडा बाहेर येतो. लोकांच्या तक्रारी आणि हरकती अशाच संदेशांतून घेणाऱ्या कार्यालयांनी ते वापरावं का, हा प्रश्न निघाला की ठरलेली दोन उत्तरं येतात. एक बाजू म्हणते, यंत्राला आमची मालवणी काय कळणार? दुसरी म्हणते, आरडाओरडा गाळला जाईल आणि कामाचं तेवढं वर येईल. भांडण असं मांडलं की निकाल यंत्राच्या हुशारीवर लागतो: आज कळत नाही म्हणून नको, उद्या कळायला लागलं की हवं. माझ्या मते इथेच वाद फसतो. शिवीगाळ झाल्याची सूचना यंत्राने एखाद्या माणसाला द्यावी, त्याला हरकत नाही. पण नागरिकाचं गाऱ्हाणं आणि ते ऐकायला बांधील असलेलं कार्यालय यांच्या मध्ये भाव मोजणारं यंत्र बसवू नये, आणि ते अगदी अचूक चाललं तरी बसवू नये. गाऱ्हाण्यातला राग हा बोलणाऱ्याचा दोष नसतो. ज्या गोष्टीबद्दल गाऱ्हाणं आहे, तिच्याविषयीची ती माहिती असते.

आधी हे यंत्र करतं काय, ते नीट पाहू. सगळ्यात जुनी आणि अजूनही सर्रास वापरली जाणारी पद्धत शब्दकोशाची. शब्दांची यादी करायची, प्रत्येकाला गुण द्यायचे, चांगल्याला अधिक, वाईटाला उणे, आणि बेरीज करायची. २०१४ मध्ये आलेलं 'व्हेडर' हे इंग्रजीसाठीचं साधन याच जातीचं. त्यात प्रत्येक शब्दाला उणे चार ते अधिक चार या पट्टीवर गुण आहेत, उद्गारचिन्हाला थोडी वाढ, मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत लिहिलेल्या शब्दाला थोडी वाढ, आणि नकारासाठी एक नियम: भावनेच्या शब्दाच्या आधीच्या तीन शब्दांत नकार सापडला तर गुण उलटा करायचा. इंग्रजीत नकार आधी येतो, म्हणून तो तिथे चालतो. आपल्याकडे नकार मागून येतो. 'आवडलं नाही', 'वाईट नाही', 'बरं झालं नाही'. शब्दांची यादी मराठीत उतरवली आणि नियम तसाच ठेवला, तर यंत्र नकार चुकीच्या बाजूला शोधत बसतं आणि त्याला तो कधीच सापडत नाही. मोठी अक्षरं तर देवनागरीत नाहीतच.

याहून खोलवरची चूक शब्द तोडण्याच्या पायरीवर होते, आणि ती इतकी साधी आहे की पुष्कळांना दिसत नाही. पायथन या संगणकभाषेतल्या 'सायकिट-लर्न' या तयार साधनांच्या लोकप्रिय संचाचा शब्द वेगळे करण्याचा मूळ नियम असा: सलग दोन किंवा अधिक अक्षरं म्हणजे शब्द, एकटं अक्षर टाकून द्यायचं. अडचण ही की काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांना हा नियम अक्षर समजत नाही, तिथे तो शब्द कापतो. 'रस्ता झाला नाही' हे वाक्य त्याला द्या. 'रस्ता'मधलं 'रस' उरतं, पुढचा 'त' एकटा पडतो म्हणून जातो. 'झाला'चे झ आणि ल एकेकटे, गेले. 'नाही'चे न आणि ह, तेही गेले. तीन शब्दांच्या तक्रारीतून यंत्राच्या हाती लागतो फक्त 'रस'. 'बंदर नको' म्हटलंत तर उरतं 'दर' आणि 'नक'. 'आवडलं नाही' चं होतं 'आवडल'. म्हणजे नापसंतीची नोंद पसंती म्हणून. एवढं होऊनही प्रोग्राम कुठे अडत नाही, चूक झाल्याची सूचना देत नाही, शेवटी सुबक तक्ता काढून देतो. तक्ता पाहणाऱ्या साहेबाला आत काय कापलं गेलं याचा पत्ता नसतो. आता खुद्द 'गाऱ्हाणं' हा शब्द घ्या. त्यातला ऱ्ह दोन वेगळ्या संकेतक्रमांनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण यंत्राला ते दोन निराळे शब्द. त्यात रोमन लिपीतली मराठी. 'नाही' हा एकच शब्द तिथे चार-पाच तऱ्हांनी लिहिला जातो, घाईत असेल तर मधला स्वरही गाळून.

हे सगळं दुरुस्त करता येतं, हे मी आधीच मान्य करतो. शब्द तोडण्याचा नियम एका ओळीत बदलतो. संकेत एकसारखे करून घेता येतात. आणि आता शब्दांच्या याद्यांवर कोणी थांबलेलंही नाही. मोठी भाषामॉडेलं पूर्ण वाक्य पाहून उत्तर देतात, नकार आधी आला की मागून याने त्यांचं फारसं बिघडत नाही. मराठीसाठी पुण्यातल्या 'एलथ्रीक्यूब' गटाने २०२१ मध्ये सुमारे १६ हजार ट्विटचा संच उभा केला, प्रत्येकाला सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ असं लेबल लावून. आपल्या भाषेसाठी ते मोलाचं काम आहे, आणि ते झालं नसतं तर ही चर्चाही इंग्रजीच्या उसन्या उदाहरणांवरच झाली असती. पण ती ट्विटं महाराष्ट्रातल्या सार्वजनिक व्यक्तींच्या खात्यांवरची. चारचौघांत जपून बोलण्याची ती भाषा. मालवणच्या रापणकराने, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराने, मोठ्या यांत्रिक जाळ्याच्या पर्ससीनवाल्याला उद्देशून पहाटे लिहिलेला संदेश त्या भाषेत बसत नाही. बरं, तोही संच वाढवता येईल. 'यंत्राला मालवणी कळत नाही' या मुद्द्यावर ज्यांनी आपली सगळी भिस्त ठेवली आहे, त्यांच्या हातात पाच वर्षांनी काय उरेल?

तेव्हा उलट बाजूचे खरे भक्कम मुद्दे घेऊ. पहिला, गटांतल्या बायकांचा. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. सरपंचबाईंनी गटात पाणीपट्टीचा हिशोब टाकावा आणि खाली त्यांच्या चारित्र्यावर घसरणारे संदेश पडावेत, हे कल्पनेतलं नाही. बोलणारी बाई गट सोडते आणि गाव तिचं म्हणणं गमावतं. असे संदेश चोवीस तास वाचत बसायला कुणाही ॲडमिनला वेळ नसतो. दुसरा मुद्दा आपत्तीचा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्याआधी ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. अशा वेळी तासाभरात हजारो संदेश येतात, आणि त्यांतले तातडीचे वर काढायला यंत्राची मदत का घेऊ नये? तिसरा मुद्दा मला सगळ्यात अवघड वाटतो: माणूस तरी कुठे निःपक्षपाती असतो? आवाज चढवून बोलणाऱ्याचा अर्ज खाली सरकवणारा कारकून यंत्राच्या आधीपासून आहे. यंत्र निदान सगळ्यांना एकच फूटपट्टी लावेल.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर असं, की शिवीगाळ ओळखणं आणि भाव ओळखणं ही दोन कामं आहेत आणि विकणारे ती एकाच पुडीत बांधून देतात. 'मेल्या, खंय होतंस इतके दिस?' यात शिवीचा शब्द आहे आणि निखळ जिव्हाळा आहे. 'तुझी होडी रात्री कुठे नांगरलेली असते, ते ठाऊक आहे मला' यात एकही वाईट शब्द नाही, आवाज चढलेला नाही, भाव मोजणारं यंत्र त्याला तटस्थ म्हणेल, आणि ती उघड धमकी आहे. शिमग्यात फाका घालतात तेव्हा अख्खं गाव मिळून शिव्यांच्या ताना घेतं आणि कुणी कुणाचा शत्रू होत नाही. देवळात गुरव गाऱ्हाणं घालतो, त्यात इडापिडा, रोगराई, वाकडी नजर, वैरी सगळ्यांचा उद्धार होतो आणि मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. ती पोरांबाळांच्या भल्याची प्रार्थना असते. उलटपक्षी 'गणपतीआधी रस्ता गुळगुळीत होणार म्हणे, आनंदच आहे' या वाक्यात रस्त्यावरचा सगळा संताप एकट्या 'म्हणे'त साठलेला आहे. कोण कोणाला, कशानंतर, किती वेळा म्हणतंय, यावरून छळ ओळखता येतो. एकाच बाईच्या प्रत्येक संदेशाखाली तीच दोन माणसं येतात का, ती गप्प झाली की ती माणसंही गप्प होतात का, हे मोजायला भावनेचा आकडा लागत नाही. बायकांचं संरक्षण हे कारण खरं असेल, तर साधनही त्या कारणाला साजेसं हवं.

यात गणिताचीही एक मेख आहे. समजा हजार संदेशांत खरी शिवीगाळ वीस संदेशांत आहे, आणि यंत्र दोन्ही बाजूंनी ९० टक्के बरोबर चालतं. विसांतले अठरा ते पकडेल, छान. पण उरलेल्या ९८० साध्या संदेशांपैकी दहा टक्के, म्हणजे ९८, तेही दोषी ठरवेल. ॲडमिनपुढे ११६ संदेश येतील आणि त्यांत खरे अठरा, सहांत जेमतेम एक. माणूस ते ११६ वाचणार असेल तर ठीक, हजारापेक्षा ११६ बरे. पण वाचायचा कंटाळा म्हणून यंत्राला परस्पर खोडायची मुभा दिली, तर एका गुन्हेगारामागे पाच निरपराध्यांची तोंडं बंद होतात. '९० टक्के अचूक' हा आकडा जाहिरातीत दिसतो तेव्हा दर हजारी खरे दोषी किती धरले आहेत, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आपत्तीच्या मुद्द्यावर तर भाव मोजणं उघड घातक आहे. पुराच्या रात्रीचे दोन संदेश डोळ्यांपुढे आणा. एक: 'पाणी तिसऱ्या पायरीला लागलंय. आई वर माळ्यावर आहे. मोबाइल १२ टक्के.' दुसरा: 'देवा काय हे!! बघवत नाही टीव्हीवर, रडू येतंय!!!' दुसरा डोंबिवलीहून आलाय आणि त्यातली कळकळ खरी आहे, पण होडी पाठवायची आहे ती पहिल्याकडे. भावनेच्या तीव्रतेने क्रम लावला तर दुसरा वर जाईल आणि पहिला तटस्थ म्हणून तळाला. संकटात अडकलेला माणूस पुष्कळदा मोजकं बोलतो. बॅटरी वाचवायची असते, घरातल्यांना धीर द्यायचा असतो, आणि कोकणी माणसाला आपलं दुःख मोठं करून सांगायची सवयही नाही. त्या रात्री यंत्राकडून हवं असतं ठिकाण, पाण्याची उंची, माणसं किती, आजारी किंवा म्हातारं कोणी आहे का, संदेश किती वाजताचा. संदेशातून हे वेचून नकाशावर मांडायचं काम यंत्र चांगलं करू शकतं आणि ते जरूर करावं. त्यात भाव कुठे आला? तातडी आणि भावना यांची गल्लत ही या सॉफ्टवेअरची नुसती उणीव नाही, त्याच्या मूळ कल्पनेतच ती आहे.

आता तिसरा मुद्दा, फूटपट्टीचा. बोलण्यातला भाव मोजून त्यावर निकाल द्यायचा प्रयोग या देशात आधीही झाला आहे, आणि ज्याच्यावर झाला तो रत्नागिरीत जन्मलेला माणूस होता. राजद्रोहाचं १२४-अ हे कलम १८७० मध्ये दंडसंहितेत आलं. त्यातला कळीचा इंग्रजी शब्द कृतीचा नव्हता, भावनेचा होता: सरकारविषयी अप्रीती. १८९७ मध्ये 'केसरी'तल्या लेखनावरून टिळकांवर खटला झाला तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगितलं की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. विचार करा, लेखात सरकारविषयी माया दिसत नाही, हाच गुन्हा. सहा विरुद्ध तीन मतांनी ज्युरीने दोषी ठरवलं आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. १९०८ मध्ये पुन्हा तेच कलम. ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी, मूळ मराठी लेख वाचू शकणारं त्यांत कोणी नाही. त्यांच्यापुढे होती ती सरकारी भाषांतरं. टिळकांनी एकवीस तासांहून अधिक काळ स्वतःची बाजू मांडली आणि त्यातला मोठा भाग याच गोष्टीवर होता की मराठी शब्दाचं भाषांतर करताना त्याचा सूर बदलला आहे. सात विरुद्ध दोन, सहा वर्षं काळं पाणी, मंडाले.

परक्या भाषेतल्या भाषांतरावरून मराठी मजकुराचा भाव ठरवणं, ही प्रक्रिया ओळखीची वाटत नाही का? आजही मराठी संदेशांचं विश्लेषण करण्याची एक सोपी वाट हीच आहे: आधी यंत्राने इंग्रजीत भाषांतर करायचं, मग इंग्रजीसाठी बनवलेल्या साधनाने गुण द्यायचे. 'मेल्या'चं भाषांतर झालं की समोर मेलेला माणूस उभा. २०१७ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या एका कामगाराने फेसबुकवर अरबीत 'सुप्रभात' अशा अर्थाचं लिहिलं, यंत्राने त्याचं हिब्रू भाषांतर 'त्यांच्यावर हल्ला करा' असं केलं आणि इस्रायली पोलिसांनी त्याला अटक केली. अरबी जाणणाऱ्या कोणी मूळ मजकूर वाचेपर्यंत तो कोठडीत होता.

दुसरा दाखला कोकणाच्या उत्तर टोकाचा आणि अजून ताजा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या पसंत केल्या, आणि दोघींना अटक झाली. त्या ओळींत ना शिवी होती ना धमकी. खळबळ झाली ती वाचणाऱ्यांच्या मनात. अशा अटकांमागचं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ हे कलम त्रासदायक, गैरसोयीच्या, अतिशय आक्षेपार्ह संदेशांना गुन्हा ठरवत होतं. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केलं, कारण एकाला जे त्रासदायक वाटतं ते दुसऱ्याला वाटत नाही आणि अशा शब्दांना कुठलीच निश्चित सीमा नाही. भावनेच्या यंत्राची शाळाही नेमकी याच पायावर भरते. मजकूर वाचून लेबल लावणाऱ्याला जे जाणवतं, तेच मजकुरात 'आहे' असं यंत्र शिकतं. गूगलने २०२० मध्ये रेडिट या चर्चास्थळावरच्या ५८ हजार इंग्रजी टिप्पण्यांचा, २७ भावनांचा एक संच प्रसिद्ध केला. चर्चास्थळ अमेरिकी, आणि लेबलं लावणारी माणसं इंग्रजी बोलणारी भारतीय. तिथल्या टोमण्यांना इथल्या कानांनी नावं दिली. आपल्या संदेशांना लेबलं लावायला उद्या दूरच्या शहरातलं, कधी शिमगा न पाहिलेलं कोणी बसलं, तर वेगळं काय होणार?

आणि एकच फूटपट्टी सगळ्यांना लागते, हेही खरं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की शिवीगाळ ओळखणारी मॉडेलं कृष्णवर्णीयांच्या बोलीतली ट्विटं अधिक वेळा आक्षेपार्ह ठरवतात. दोष लेबलांत होता. लेबल लावणाऱ्यांना ही अमुक बोली आहे असं आधी सांगितलं, तेव्हा त्यांनी तीच ट्विटं कमी वेळा आक्षेपार्ह मानली. आपल्याकडे याचा अर्थ उघड आहे. 'सदर प्रकरणी आपले लक्ष वेधू इच्छितो' असं ज्याला लिहिता येतं त्याचा अर्ज सौम्य ठरेल. 'चार म्हयने झाले, नळाक पाणी नाय, तुमका लाज कशी वाटत नाय?' असं लिहिणारी बाई आक्रमक ठरेल. दोघांच्या नळाला पाणी नाही. किंबहुना तिच्या नळाला चार महिने नाही, हे तिने सांगितलं आहे आणि त्याने सांगितलेलं नाही.

कारकूनही पक्षपाती असतो, खरं. पण त्याचा शेरा कागदावर असतो, २००५ च्या माहिती अधिकाराखाली तो मागता येतो, अमुक अर्ज बाजूला का ठेवला हे त्याला नावानिशी विचारता येतं, आणि तो बदलून गेला की पुढचा कदाचित ऐकतो. यंत्राने ०.८२ आकडा दिला तर का दिला, हे ते चालवणारालाही सांगता येत नाही. त्याहून मोठी गोष्ट, खाली ढकललेले संदेश कोणी वाचतच नाही, त्यामुळे चूक झाली हे कळायचा मार्गच बंद होतो. ज्यांना वर घेतलं त्यांच्यावरून यंत्र तपासलं जातं आणि ते नेहमीच बरं दिसतं. टिळकांपुढे निदान नऊ माणसं बसली होती, ज्यांच्याशी एकवीस तास बोलता आलं.

यावर एक उत्तर येतं की लोक शिकतील, नीट लिहायला लागतील. लागतील ना! प्रखर एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून होणाऱ्या मासेमारीला २०१७ पासून बंदी असूनही समुद्रात रात्री दिवे दिसतात, हे लिहिताना पारंपरिक मच्छीमार आपला राग पुसून टाकेल. मग कार्यालयाच्या तक्त्यात काय दिसेल? गेल्या तिमाहीत असंतोष घटला. दिवे तेवढेच, पण असंतोष घटला. ज्या आकड्यावर काम जोखायचं तो आकडा सुधारण्यासाठी काम करावं लागत नाही, लोकांची भाषा वळवली की पुरतं, ही सोय कुठल्याही प्रशासनाच्या हाती देऊ नये. लोकांचा भाव वळवताही येतो, हा प्रयोग फेसबुकने करून पाहिलेला आहे. २०१२ मध्ये ६,८९,००३ जणांच्या पानावरचा आनंदी किंवा दुःखी मजकूर त्यांना न विचारता कमी करून, त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यात फरक पडतो का ते तपासलं गेलं. फरक अगदी बारीक निघाला. २०१४ मध्ये ते छापून आलं तेव्हा जगभर संताप झाला तो फरकाच्या आकारावर नव्हता, परवानगी न घेण्यावर होता.

कायद्याकडूनही इथे फार आशा नाही. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात कामाच्या जागी आणि शाळेत भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर बंदी घातली, ती फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. पण ती चेहरा, आवाज अशा शरीराच्या खुणांवरून ओळखण्याबद्दल आहे. लिहिलेल्या मजकुरावरून भाव काढणं तिच्यातून सुटतं. म्हणून नियम आपल्यालाच, ग्रामसभेच्या आणि सोसायटीच्या पातळीवर घालावे लागतील.

ज्या सोसायटीला किंवा नगरपरिषदेला सूचनेपुरतं का होईना असं साधन वापरायचंच आहे, तिने आधी आपल्याच गटांतले चारपाचशे जुने संदेश, नावं काढून, निवडावेत. तीन माणसांनी ते एकमेकांना न विचारता वाचून शिवीगाळ आहे की नाही एवढंच लिहावं; त्या तिघांत बोली बोलणारं एक तरी हवं आणि एक तरी बाई हवी. तिघांचं जिथे जुळत नाही ते संदेश फेकू नयेत, तेच सगळ्यात कामाचे. माणसांचंच पाचांत दोन वेळा जुळत नसेल तर यंत्राने काय शिकायचं, हा प्रश्न तिथेच उभा राहतो आणि पुष्कळदा बेत तिथेच संपतो, हे चांगलंच. जुळलं, तर यंत्राचा निकाल त्या संदेशांशी ताडून पाहावा, आणि देवनागरी, रोमन, मालवणी, संगमेश्वरी, आगरी असा प्रत्येकाचा वेगळा. सरासरीत बोली बुडते. सणासुदीचे, शिमग्याचे, मयताच्या बातमीचे संदेश वेगळे काढून बघावेत; 'भावपूर्ण श्रद्धांजली'ला काही साधनं आनंदाचे गुण देतात. यंत्राने संदेश खोडायचा नाही, मागे टाकायचा नाही, फक्त ॲडमिनला दाखवायचा. ॲडमिनने काय केलं आणि का, हे एका वहीत लिहायचं, आणि ज्याचा संदेश होता त्याला कळवायचं. न दाखवलेल्या संदेशांपैकी दर आठवड्याला पन्नास उचलून कोणीतरी वाचायचे. हे नाही केलं तर वर सांगितलेली न दिसणारी चूक वर्षानुवर्षं चालू राहते. आणि माणसाच्या नावापुढे आकडा कधीही साठवायचा नाही. आज एका संदेशाचा गुण, उद्या 'हा नेहमीच आक्रमक' असा त्या माणसाचा शेरा, परवा त्याच्या अर्जाला उत्तर नाही. ही घसरण व्हायला कोणाचा वाईट हेतू लागत नाही, एक रकाना पुरतो.

प्रकल्पांच्या हरकतींना तर या सवलतीही नकोत. एन्रॉनपासून जैतापूर, नाणार, बारसू आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झालेल्या वाढवण बंदरापर्यंत कोकणाने जनसुनावणीचं महत्त्व सोसून ओळखलं आहे. १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण परिणाम अधिसूचना सांगते की निदान तीस दिवस आधी नोटीस द्यावी, हजर असलेल्या प्रत्येकाला बोलू द्यावं, कामकाजाचा गोषवारा शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवावा, आणि लोकांनी मांडलेले मुद्दे व त्यांवर प्रकल्पवाल्याचं म्हणणं यांचं निवेदन जोडावं. मुद्दे, असं तिथे म्हटलंय. जाळी कुठे टाकतात, खाडीत गाळ किती भरेल, आंब्याला मोहोर येताना धूर कुठल्या दिशेने जाईल. हजारो लेखी हरकती आल्या की त्यांचा 'भाव-सारांश' यंत्राकडून काढून घ्यायचा मोह होणारच, एका पानात सगळं बसतं: इतके टक्के संतप्त, इतके चिंतित, इतके अनुकूल. संतप्त लोकांना शांत करायचं असतं आणि मुद्द्याला उत्तर द्यायचं असतं, त्यामुळे तो एक कागद प्रकल्पवाल्याच्या अंगावरचं उत्तराचं ओझं अलगद उतरवून ठेवतो. म्हणून सुनावणीच्या शेवटी गोषवारा वाचून दाखवला जाईल तेव्हा उठून जाऊ नये. आपल्या हरकतीसमोर मुद्दा लिहिला आहे की भाव, ते कान देऊन ऐकावं, आणि भाव लिहिला असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची सही होण्याआधी, तिथेच उभं राहून, आपली हरकत शब्दशः वाचून घ्यायला लावावी.